सांगितलेली खोड

हरणाबाईला गुडघ्यात सुई टोचून घ्यायची हौस नव्हती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे ज्याला त्याला तोंड फुटलं आणि जो तो म्हणायला लागला की म्हातारीला सुयांचं याड होतं. याडबीड काही नव्हतं. तिला मेंढरांमागं चालायचं होतं आणि गुडघा चालू देत नव्हता, एवढीच गोष्ट.

आटपाडीच्या उगवतीला माळावर त्यांची वाडी. तिचा नवरा आकाराम, त्याचा बाप, त्याचा आजा, सगळ्यांनी मेंढरंच राखली. सुगी संपली की मेंढरं घेऊन खाली कराडच्या अंगाला उतरायचं, कृष्णाकाठच्या रानात लोकांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडाला परत माळावर यायचं. हरणाबाई लग्न होऊन आली ती या चालण्यातच आली. पोरगा इंद्रजित वाटेवर झाला, सहा दिवसांच्या बाळंतिणीनं पोराला झोळीत घालून मुक्काम हलवला. असल्या बाईचा गुडघा साठीला आला आणि एकदम संपावर गेला. उठताना कळ, बसताना कळ, मेंढरांच्या वाडग्याच्या उंबऱ्याला पाय उचलायचा म्हटलं तरी डोळ्यांत पाणी.

इंद्रजित कराडला साखर कारखान्यात नोकरीला. तो तिला विट्याच्या एका हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरनं फोटो काढला, गुडघ्यातली गादी झिजलीय म्हणाला, ऑपरेशन करा म्हणाला.

"मग मेंढरं कोण बघंल?" हरणाबाई म्हणाली.

डॉक्टर हसला. मग म्हणाला, "सांध्यातच एक इंजेक्शन देतो आजी. काही महिने पळाल."

आणि ती खरंच पळाली की. सुई घेतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली ती भिंत न धरता उठली. काठी कोपऱ्यात टाकली आणि सरळ वाडग्यात शिरली. आकाराम बघतच राहिला. "हरणे, तू तर कालवड झालीस," म्हणाला. ती लाजली. या वयात काय लाजायचं, पण लाजली.

पुढे दोन-तीन दिवसांनी गुडघ्याभोवती लाल चट्टा उठला. मग मांडीवर, मग पोटावर, हातांवर, मानेवर. बारीक पुरळ, आणि खाज अशी की माणसानं स्वतःचं कातडं सोलून बाजूला ठेवावं. पाणी सुटायला लागलं, मग पापुद्रे निघायला लागले. परत विटा.

आता हा डॉक्टर वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या. त्यानं नीट बघितलं, नीट विचारलं.

"घरी काय काय असतं आजी?"

"मेंढरं हायती."

"त्यांच्यात जाता तुम्ही?"

"मग कुठं जाऊ?"

"हं," डॉक्टर म्हणाला. "लोकरीची ॲलर्जी आहे ही. मेंढरांपासून लांब राहायचं."

आणि अंगावरचं बसावं म्हणून कंबरेत आणखी एक सुई दिली. बसायचं सोडून ते आणखीच भडकलं. त्याचा अर्थ काय निघाला? अर्थ हाच निघाला की म्हातारी ऐकत नाही, चोरून मेंढरांत जाते.

जात होतीच ती, खोटं कशाला बोला. पण वरवर बघायला गेलं तर सगळा हिशोब बरोबर जुळत होता, तिथंच तर सगळे फसले. गुडघा दुखायचा तेव्हा हरणाबाई घरात बसायची. घरात बसली की अंग साफ. सुई घेतली की चालायला यायचं, चालायला आलं की ती मेंढरांत जायची आणि मेंढरांत गेली की दोन-चार दिवसांत अंगावर उठायचं. पुढच्या हिवाळ्यात असंच झालं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही असंच झालं. वाडीतलं शेंबडं पोरही सांगायला लागलं की मावशीला मेंढरं सोसत नाहीत. सुईवर कोण संशय घेणार? सुईनं तर ती चालत होती.

इंद्रजितला कारण हवंच होतं. बाप-आई माळावर मेंढरांमागं फिरतात हे त्याला कारखान्यातल्या लोकांपुढं सांगायला जड जायचं. तोंडानं तसं म्हणाला नाही कधी, पण आईला कळत होतं. तो म्हणायचा, "आये, आता बास. इकून टाका आन् कऱ्हाडला या."

"मी मेल्यावर इका," ती म्हणायची.

आकाराम दोघांचं ऐकायचा आणि कुणालाच काही बोलायचा नाही. तो मुळात कमी बोलणारा. दुपारी तिला अंगणात पाठमोरी बसवून पाठीला खोबरेल चोळायचा. त्याच्या हाताला भेगा, त्या भेगांचीच तिला खाजेला बरी मदत व्हायची.

एक दिवस तो चारा घेऊन आला तर हरणाबाई वाडग्याच्या लाकडी मेढीला पाठ घासत होती. डोळे मिटून, दात आवळून, खाली-वर, खाली-वर. खरजेलं मेंढरू घासतं तशी. चोळीला रक्त लागलं होतं. तिला वाटलं कुणी बघितलं नाही. त्यानं बघितलं. चाऱ्याचा भारा त्यानं तिथंच टाकला आणि माघारी गेला.

त्या शनिवारी त्यानं मेंढरं आटपाडीच्या बाजाराला काढली.

हरणाबाई भांडली नाही. भांडायचं त्राण नव्हतं. घरात बस, मेंढरांचं वारं नको घेऊ, असं सांगितलं होतं म्हणून दाराच्या आत बसली आणि खुरांचा आवाज ऐकत राहिली. चांदी म्हणून एक मेंढी होती, कपाळावर पांढरा टिळा, ती कायम सगळ्यांच्या मागं रेंगाळायची. तिला आकारामनं दोनदा हाळी घातली, तीही ऐकली.

"आवं," ती आतूनच म्हणाली, "कुणाला द्यायची ती बघून द्या. मेंढक्याच्या वाड्यातनं मेंढक्याच्याच वाड्यात जाऊ द्यात, खाटकाला नगं."

"व्हय," तो म्हणाला.

परत आला तेव्हा खांद्यावर नुसता टॉवेल होता.

"कुणी घेतली?"

"घेतली लोकांनी."

"आपल्यातल्यांनीच न्हवं?"

"जेवायला वाढ," आकाराम म्हणाला.

आणि तिचं अंग निवळलं. निवळणारच. मेंढरं गेली म्हटल्यावर चालायचं कुठं, आणि चालायचं नाही तर सुई कशाला? पण हे तेव्हा कुणाच्या टाळक्यात शिरलं नाही. उलट सगळी वाडी येऊन तिचे हात बघून गेली. बघ, मेंढरं गेली आन् कातडं कसं लोण्यावानी झालं. डॉक्टरही खूश, इंद्रजितही खूश. हरणाबाईला त्या बऱ्या झालेल्या कातड्याचा राग यायचा. इतक्या लवकर बरं व्हायची काय गरज होती, असं तिला वाटायचं.

आकाराम डाळिंबाच्या बागेवर राखणीला जायला लागला. संध्याकाळी आला की रिकाम्या वाडग्याच्या दगडी गडग्यावर बसायचा.

वर्षभरानं इंद्रजितनं कराडला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला आई-बापानं यायला पाहिजे, आणि फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचं काम अजून व्हायचं होतं. इंद्रजित गाडी घेऊन न्यायला आला. आकाराम म्हणाला, बाग सोडून मी लगेच येत नाही, मागून एस्टीनं येतो. वाटेत विटा लागतंच. इंद्रजित म्हणाला, "आये, एक इंजेक्शन घेऊन टाकू. जिनं चढायचं हायती. आता मेंढरं बी न्हाईत, भ्यायचं कारण न्हाई."

घेतलं. तीन जिने चढली, पूजेला मांडी घालून बसली, सुनेच्या माहेरच्या बायकांबरोबर हसली. आकाराम पूजेपुरता येऊन बागेवर परत गेला. आणि चौथ्या दिवशी टाइल्स लावलेल्या, फिनेलचा वास येणाऱ्या त्या घरात तिच्या गुडघ्याभोवती लाल चट्टा उठला.

इंद्रजितनं सगळं घर शोधलं. काय शोधत होता? लोकर. आणि सापडली त्याला, का नाही सापडणार? हरणाबाईनं अंथरायला आपलं घोंगडं आणलं होतं. आपल्याच मेंढरांच्या लोकरीचं, तिनंच कातलेल्या सुताचं, सनगराकडनं विणून घेतलेलं. मेंढरं गेल्यावर तेवढंच उरलं होतं.

"ह्ये बघ," इंद्रजित म्हणाला, "तरी म्हटलं."

सकाळी घंटागाडी आली, त्यात ते गेलं. हरणाबाई गॅलरीतनं बघत होती. कचरेवाल्यानं ते झटकून बघितलं, चांगलं आहे म्हणून घडी घालून पुढं सीटवर ठेवलं. तिला तेवढंच बरं वाटलं.

घोंगडं गेलं तरी अंग काही थांबेना. पाठ, पोट, मान, मग पापण्या. चेहरा सुजला. तेव्हा राणी, म्हणजे इंद्रजितची बायको, स्वयंपाक करता करता मागं वळून म्हणाली, "आत्ती, आता हितं मेंढरू कुठलं?"

एवढंच म्हणाली. इंद्रजित पेपर वाचत होता, त्यानं पेपर खाली ठेवला.

राणीचं माहेर मिरजेचं. तिनंच सासूला तिथल्या चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी सुरुवातीपासनं सगळं विचारलं आणि मेंढरांपेक्षा गुडघ्याबद्दलच जास्त विचारलं. सुई कधी, चट्टा कधी, मग परत सुई कधी. मग म्हणाल्या, "आजी, पाठीवर पट्ट्या लावून तपासू. पण आधी हे निवळू दे. आणि येताना ज्याचा ज्याचा संशय आहे ते थोडं थोडं घेऊन या. तेल, साबण, आणि लोकर."

लोकर. ज्या घरात तीन पिढ्या लोकरीतच लोळल्या, त्या घरात तपासायला पुंजकाभर लोकर नव्हती. हरणाबाई वाडीला परत आली तशी तिनं वाडगं धुंडाळलं. आकारामनं ते झाडून, शेण सारवून स्वच्छ ठेवलं होतं. कुडाला अडकलेला एक धागाही नाही.

शेवटी ती नाथाजीकडं गेली. नाथाजी तिच्या मावसबहिणीचा मुलगा, पलीकडच्या वाडीचा. त्यानं बाजारात त्यांची काही मेंढरं घेतली होती, एवढं तिला माहीत होतं. चांदी त्यातच होती. लांबून टिळा दिसला आणि हरणाबाईचे पाय आपोआप त्या बाजूला वळले.

"मावशे, हात लावू नगंस," नाथाजी घाईनं मध्ये आला. "तुला चालत न्हाई. मी देतो की काढून."

आपल्याच मेंढीपासून हातभर लांब उभं राहून तिनं लोकरीचा पुंजका पदरात घेतला. नाथाजीनं पदराला आपला हात लागू दिला नाही, वरनंच टाकला.

"बाकीची कुठल्या वाड्यात गेली रं?" तिनं विचारलं. "सगळी एकाच ठिकाणी गेली का फाटाफूट झाली?"

नाथाजीनं चांदीला मागं सारलं. "म्हातारबांनी सांगितलं न्हाई?"

"काय?"

"मावशे, मी ही चार घेतली ती बी नातं म्हणून. बाकीच्यांस्नी कोण हात लावतंय? त्यांनी खोड सांगितली ना बाजारात."

हरणाबाईला पुढचं सांगायची गरज नव्हती. जनावर विकताना त्याची खोड आपल्या तोंडानं आधी सांगायची, ही आकारामच्या घरची रीत. मेंढी दुधाला कमी असली, एडका मारका असला, कोकरू एका डोळ्यानं अधू असलं, घेणाऱ्यानं बोटांनी भाव ठरवायला टॉवेलाखाली हात घालायच्या आधी आकाराम सांगून मोकळा व्हायचा. बिरोबाची आण घेऊन सांगायचा. त्यामुळं त्याचं नाव होतं, आकाराम म्हणाला म्हणजे तेच. त्या शनिवारीही त्यानं सांगितलं. माझी बायको या मेंढरांनी नासली, अंगावर उठतं, पाणी सुटतं, घेणार असाल तर बघून घ्या. एवढं ऐकल्यावर कुठला मेंढका ती आपल्या वाड्यात घालेल? घरोघर बायका-पोरं आहेत. ज्यानं त्यानं हात मागं घेतला. दुपार झाली, मेंढरं उन्हात धापा टाकायला लागली. मग बादशहाभाई व्यापाऱ्याचा ट्रक भरला. बादशहाभाईला लोकरीशी कर्तव्य नव्हतं, त्याचा माल कापायला जायचा.

हरणाबाई लोकर पदरात धरून तशीच घरी आली. आकारामला काही बोलली नाही. डोक्यात एकच होतं, निदान खोड खरी असू दे. मेंढरं गेली ती गेली, पण ज्याच्यासाठी गेली ते तरी खरं निघू दे देवा, म्हणजे या माणसाला जगता येईल. बाई स्वतःच्या रोगासाठी नवस करत होती.

मिरजेला पाठीवर पट्ट्या लावल्या. दोन दिवसांनी काढल्या, आणखी दोन दिवसांनी परत बघितलं. इंद्रजित रजा काढून आला होता. बाईंनी मोबाईलवर पाठीचा फोटो काढून हरणाबाईला दाखवला. पेनानं आखलेल्या चौकटी, आणि त्यातल्या काही चौकटींत लालभडक फोड.

"हे गुडघ्यातल्या इंजेक्शनचं औषध. हे त्याच्या जातीतलं दुसरं, कंबरेत दिलेलं," बाई म्हणाल्या. "ज्या औषधानं लोकांच्या अंगावरचं बसवतात ना आजी, तेच तुम्हाला उठतंय. क्वचित होतं, त्यामुळं लवकर कुणाच्या लक्षात येत नाही."

"मेंढरांचं कुठलं?"

बाईंनी बोट ठेवलं. रिकामी चौकट. साफ कातडं.

"नक्की का डॉक्टर?" इंद्रजित म्हणाला.

"अगदी नक्की. लोकरीचं काहीच नाही. खुशाल मेंढरांत जाऊ द्या त्यांना."

खुशाल. इंद्रजितनं मान खाली घातली. रस्त्यात गाडी थांबवून त्यानं आईला उसाचा रस पाजला, परत परत म्हणाला, "आये, मला काय ठावं हुतं?" तिनं रस पिऊन ग्लास त्याच्या हातात दिला. त्याला माफ करायची आणि शिव्या द्यायची, दोन्हीची ताकद तिच्यात त्या दिवशी नव्हती.

आकाराम गडग्यावर बसला होता. इंद्रजित गाडीतनं उतरलाच नाही, तसाच वळला.

"काय म्हणली डाक्टरीण?"

खोटं सांगावं असं हरणाबाईला वाटलं. व्हय, लोकरच हाय, एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. पण चाळीस वर्षं त्या माणसाला खोड लपवताना तिनं बघितलं नव्हतं, आणि त्याच्यापुढं तिची जीभ वळली नाही.

"सुईचं हाय," ती म्हणाली. "गुडघ्यातल्या सुईचं."

"आन् मेंढरं?"

"मेंढरांचं काय न्हाई. तसूभर न्हाई."

आकाराम वाडग्याकडं वळला. मग म्हणाला, "म्हंजी बाजारात मी खोटं बोललो."

"तुमास्नी तवा तसंच वाटलं हुतं."

"बिरोबाची आण घिऊन बोललो हरणे." तो उठला आणि आत गेला.

तिला वाटलं रडेल. रडला असता तर तिनं धरलं असतं. तो रडला नाही, जेवलाही नाही. शनिवारी सकाळी उठून त्यानं अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसला, पटका बांधला, खांद्यावर टॉवेल टाकला.

"कुठं निघाला?"

"बाजारला."

मेंढरू नाही, कोकरू नाही आणि हा बाबा बाजाराला. हरणाबाईनं काठी घेतली आणि त्याच्या मागं निघाली. गुडघा ठणकत होता. आता तो मरेपर्यंत ठणकणार होता, ऑपरेशन ती करणार नव्हती आणि सुई बंद झाली होती.

बाजार भरात होता. आकाराम कायम जिथं मेंढरं उभी करायचा, त्या बाभळीखाली जाऊन उभा राहिला. ओळखीचे दोघं-तिघं जवळ आले, रामराम झाला.

"माज्या मेंढरांत खोड न्हवती," आकाराम म्हणाला. "मी गेल्या साली हितं सांगितलं ते खोटं हुतं. बायकूला सुईनं उठत हुतं. मेंढरं साफ हुती. बिरोबाची आण."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. एकानं म्हटलं, असू दे म्हातारबा, चला चहा घेऊ. आकाराम हलला नाही. जो येईल त्याला तेच सांगत राहिला, त्याच शब्दांत, आवाज न चढवता. हरणाबाई बाभळीला टेकून उभी होती. तिला वाटत होतं, आपण याला हाताला धरून घरी न्यावं, आणि तिला हात उचलवत नव्हता.

बादशहाभाई ट्रकाकडनं आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. वयस्क माणूस, दाढी पांढरी झालेली.

"आकाराम," तो म्हणाला, "मला तवाच चांगली दिसली हुती. अशी मेंढरं कापायला जात्यात व्हय? पर मालकच आण घिऊन सांगतोय म्हणल्यावर मी कोण?"

आकारामनं मान डोलावली. बादशहाभाई आपल्या कामाला गेला.

तेवढ्यात जतकडचा कुणीतरी एक गिऱ्हाईक गर्दीतनं पुढं आला. त्याला आधीचं काही माहीत नव्हतं. खोड नाही, साफ मेंढरं, बिरोबाची आण, एवढंच त्याच्या कानावर पडलं होतं. असा विकणारा रोज भेटत नाही. त्यानं आकारामच्या खांद्यावरचा टॉवेल स्वतःच ओढून दोघांच्या हातांवर टाकला, आणि खालून बोटं धरली.

"बोला की बाबा," तो म्हणाला. "कुठं हायती मेंढरं?"

आकारामची बोटं टॉवेलाखाली तशीच राहिली. त्यानं बाभळीखाली बघितलं, आजूबाजूला बघितलं आणि मग हरणाबाईकडं बघितलं.

"इकली," हरणाबाई पुढं होऊन म्हणाली. "गेल्या सालीच इकली."

गिऱ्हाईकानं हात काढून घेतला. टॉवेल खाली पडला, तो तिनं वाकून उचलला.